फोपसातलं पाणी

दहावीला असताना विज्ञानाच्या बाईंनी वर्गात विचारलं, "आपण श्वास कशाने घेतो?" पुढच्या बाकावरच्या मुली म्हणाल्या, नाकाने. बाई म्हणाल्या, नाक ही नुसती वाट झाली, काम कोण करतं? मी ताडकन उभी राहिले आणि मोठ्याने सांगितलं, "फोपीस." मला वाटलं होतं, शाबासकी मिळेल. वर्ग जो हसत सुटला, तो शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन उभे राहीपर्यंत थांबला नाही. बाईंनाही हसू आवरेना. त्या म्हणाल्या, "अगं, फोपीस बकऱ्याला असतं. माणसाला फुफ्फुस असतं." त्यानंतर कितीतरी दिवस मुलं मला पाहून 'बें' करायची.

बाईंचं तसं काही चुकलं नव्हतं. पुस्तकात फुफ्फुसच होतं, जोडाक्षरासकट. मी ते घोकलं आणि आकृती काढायला शिकले. उजवं फुफ्फुस तीन खंडांचं, डावं दोनच खंडांचं, कारण त्या बाजूला हृदयाला जागा करून द्यावी लागते. मध्ये श्वासनलिका, तिला दोन फांद्या, फांद्यांना पुन्हा फांद्या आणि शेवटी वायुकोशांचे घोस. ते घोस मी इतके सुबक काढायचे की पुढे त्याच बाईंनी माझी आकृती सगळ्यांना दाखवली. पण ज्या घरात मी वाढले तिथे हाच अवयव पाटीत पडलेला असायचा, गुलाबी, फेसाळ, पाण्यात टाकला तर तरंगणारा, आणि त्याला सगळे फोपीसच म्हणायचे.

आम्ही मेंढरंवाले. आज हे दोन शब्द मी बिनधास्त लिहिते, पण माझ्या सगळ्या शाळकरी वयात ते आमच्या घरात कुणी उच्चारायचं नाही असा दंडक होता. दंडक वडिलांचा. त्यांना घरीदारी सगळे तात्या म्हणत. त्यांच्या आजापासून कळप होता. दिवाळी झाली की बिऱ्हाड कोकणाच्या अंगाला निघायचं आणि पावसाळ्याच्या तोंडाला परत इंदापूर-बारामतीच्या माळांवर यायचं. वाटेत शेतकरी रानात वाडा बसवायला बोलवत, म्हणजे मेंढरं रात्रभर त्यांच्या वावरात बसायची आणि लेंडीखत देऊन जायची. शाळेत जायच्या वयाची होईपर्यंत मी घोड्याच्या पाठीवर, भांड्यांच्या आणि कोंबड्यांच्या शेजारी बसून हिंडले. थंडीत कुत्र्याला बिलगून झोपायचे. आमचं ते काळं कुत्रं लांडग्यावर धावून जायचं आणि माझ्या हातातल्या भाकरीचा तुकडा मात्र अगदी हळूच, दात न लागू देता घ्यायचं.

पुढे माळ राहिले नाहीत. जिकडेतिकडे कॅनॉलचं पाणी आणि ऊस. तात्यांनी आपल्या वाट्याची मेंढरं विकली, बारामतीजवळ जळोचीच्या कडेला थोडं रान घेतलं, दोन जर्सी गाई बांधल्या आणि डेअरीला दूध घालायला लागले. थोरले चुलते कळपाबरोबरच राहिले. तात्यांनी पटका सोडला, टोपी घातली, धोतराचा पायजमा केला. कुणी विचारलं तर ठरलेलं उत्तर होतं, "आमी मूळचं वडगाव निंबाळकराकडचं बागायतदार." रस्त्याने एखादा कळप चालला की तात्या घरात जाऊन दार लावून घ्यायचे. एकदा चुलते घोंगडं खांद्यावर टाकून भेटायला आले, तर तात्यांनी सख्ख्या भावाला गोठ्याच्या बाजूने मागच्या दाराने आत घेतलं. चुलत्यांनी चहा घेतला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि ज्या दाराने आले त्याच दाराने गेले. परत ते कधी आले नाहीत.

बारावीला असताना मला खोकला लागला. आधी साधा, मग पहाटेचा, मग अधूनमधून थुंकीत रक्ताचा धागा. वर्गात खोकला आला की मी ओढणी तोंडात कोंबायचे. बारामतीतल्या एका डॉक्टरांनी फोटो काढायला सांगितला. फोटो म्हणजे छातीचा एक्स-रे, पण आमच्याकडे त्याला फोटोच म्हणतात, आणि माझ्या आयुष्यातला तो पहिला फोटो ज्यासाठी कपडे घालायचे नव्हे तर काढायचे होते. अंधाऱ्या खोलीत एक पोरगेलासा माणूस म्हणाला, "छाती चिकटवा, श्वास घ्या, धरा." मी पत्र्यावर छाती टेकवली. तो इतका गार होता की श्वास आपोआप धरला गेला. त्या माणसाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं, पण मी बाहेर येऊन आईजवळ बसले ती मान वर न करताच.

फोटोत उजव्या फुफ्फुसाच्या सगळ्यात खालच्या खंडात एक गोल पांढरा डाग होता, पेल्याच्या तोंडाएवढा. डॉक्टरांनी आवाज खाली आणला. डॉक्टरांनी आवाज खाली आणला की काय समजायचं ते आमच्याकडे लहान पोरालाही कळतं. टीबी. तात्या उठून उभे राहिले आणि पहिली गोष्ट त्यांनी विचारली ती अशी, "साहेब, ह्ये कुठं लिवावं लागतंय का?" मी बरी होईन का हे त्यांनी नंतर विचारलं. मला राग आला नाही. लग्नाच्या पोरीचा बाप दुसरं काय विचारणार, असंच मलाही वाटलं.

मग औषधं. रोज कमरेत एक इंजेक्शन आणि मूठभर गोळ्या. त्या गोळ्यांनी लघवी लाल होते. डॉक्टरांनी ते सांगितलं होतं, पण सांगणं वेगळं आणि सकाळी परसात जाऊन बघणं वेगळं. मी तांब्याभर पाणी ओतायचे, मग आणखी एक, कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून. आईने माझं ताट, वाटी, तांब्या वेगळा केला, आणि तो वेगळा आहे हे पाहुण्यांना कळू नये म्हणून कुणी आलं की सगळी भांडी एकत्र मांडायची. ते लोक गेले की पुन्हा वेगळी. ती मला जेवायला वाढायची आणि लांब बसून रडायची. तिच्या रडण्याचीही मला लाज वाटायची, कारण ते माझ्यामुळे होतं.

इंजेक्शन देणारा कंपाउंडर नेमका आमच्याच गल्लीतला, जळोचीचा. तात्यांनी त्याला एकदा चहाला नेलं आणि हात जोडले. "कुनी इचारलं तर ताकदीची सुई म्हनून सांगा." तो बिचारा हो म्हणाला आणि त्याने शब्द पाळला. पण त्यानंतर गल्लीतून जाताना तो समोर दिसला की तात्या आधी हसायचे. नेहमीपेक्षा जरा जास्तच हसायचे. कुणाच्या तरी हातात आपलं गुपित असलं की माणूस असा हसतो हे मला तेव्हा कळलं.

थुंकी तपासली, काही सापडलं नाही. पुन्हा तपासली, नाही. डॉक्टर म्हणाले, कधीकधी सापडत नाही, गोळ्या चालू ठेवा. खोकला कमी होईना. गल्लीतल्या बायका विचारायला लागल्या, पोरगी वाळली का म्हणून. तेव्हा तात्यांनी ठरवलं की मला थोडे दिवस इंदापूरला मावशीकडे ठेवायचं. मावशीला सांगितलं, परीक्षेचा अभ्यास करून थकली आहे, हवाबदल पाहिजे. बारामतीहून इंदापूरला हवाबदलाला गेलेली माझ्याशिवाय दुसरी मुलगी मला माहीत नाही.

मी आणि आई एसटीने निघालो. गर्दी होती. खिडकीजवळ जागा मिळाली, पण काचा बंदच होत नव्हत्या आणि लासुर्ण्याच्या पुढे धुरळा आत येत होता. मला उबळ आली. ओढणी तोंडाशी धरली, खोकले, आणि एकाएकी तोंड पाण्याने भरलं. रक्त नव्हतं ते. पाणी. स्वच्छ आणि खारट, चिमूटभर मीठ टाकलेल्या पाण्यासारखं. जिभेवर काहीतरी बुळबुळीत आलं. ओढणीत थुंकून बघितलं तर अंड्याच्या कवचाच्या आत असतो तसा पांढरा पातळ पापुद्रा. आई पलीकडच्या बाईशी बोलत होती. मी ओढणीची घडी केली, ओला भाग आत घेतला आणि खिडकीबाहेर बघत बसले. निमगाव केतकीचे पानमळे गेले, इंदापूर आलं. अंगावर गांधी उठल्या, खाजायला लागलं, ते मी धुरळ्यावर ढकललं.

मावशीकडे गेल्या गेल्या ओढणी धुऊन टाकली. आईला सांगितलं नाही. का, तर तोंडातून असलं काही बाहेर येणं म्हणजे आपण आतून सडलो आहोत अशी माझी खात्री झाली होती, आणि सडलेल्या गोष्टीची वाच्यता कोण करतं?

आज मला कुणी विचारलं की छातीत एवढं मोठं काहीतरी वाढत होतं तर तुला कळलं कसं नाही, तर उत्तर सोपं आहे. फुफ्फुसाला स्वतःला दुखत नाही. त्याच्याभोवती जे दुपदरी आवरण असतं, त्याला दुखतं. दोन पदरांच्या मध्ये ओलावा असतो, म्हणून श्वास घेताना ते एकमेकांवरून सरकतात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. आतली गाठ त्या आवरणाला टेकेपर्यंत फुफ्फुस निमूट जागा करून देत राहतं. माझं तसंच झालं. इंदापुरात एका पहाटे उजव्या कुशीत अशी कळ आली की मला श्वास अर्ध्यावरच सोडावा लागला, आणि मावशीने भाचीचा हवाबदल संपवून आम्हाला परत पाठवलं.

नवा फोटो काढला. डाग वाढला होता. आमचे डॉक्टर म्हणाले, आत पाणी दिसतंय, पाठीतून सुई घालून ते काढू आणि तपासायला पाठवू. छातीचे मोठे डॉक्टर आठवड्यातून एकदा पुण्याहून बारामतीला येत, ते हे काम करणार होते. ठरल्या दिवशी मला एका स्टुलावर पाठमोरी बसवलं, मिठीत उशी दिली आणि दवाखान्याच्या झग्याच्या पाठीमागच्या नाड्या सोडल्या. समोर आई माझे हात धरून उभी होती. बाजूला सुयांचा ट्रे घेऊन आमच्या गल्लीतला कंपाउंडर. दाराशी तात्या, टोपी हातात घेऊन. उघड्या पाठीला सगळ्यांच्या नजरा लागत होत्या, म्हणजे मला तसं वाटत होतं. उशीत तोंड घालून मी देवाचं नाव घेत होते आणि देवानेही दुसरीकडे बघावं अशी इच्छा करत होते.

मोठ्या डॉक्टरांनी पाठीवर बोटं वाजवून पाहिली. मग सुई न घेता ते खिडकीशी गेले आणि फोटो उजेडात धरला. बराच वेळ बघत राहिले. त्या गोल डागाच्या वरच्या कडेला एक काळी, बारीक चंद्रकोर होती. ती पहिल्या फोटोत नव्हती. त्यांनी मला विचारलं, "बाळ, खोकताना कधी तोंडात खारट पाणी आलं होतं?"

ही गोष्ट माझ्या ओढणीशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती. मी मान हलवली.

"त्यात पांढरं, सालीसारखं काही?"

मी पुन्हा मान हलवली. आई म्हणाली, "आगं, मला का न्हाय सांगितलंस?" मी उशीत तोंड आणखी खुपसलं.

डॉक्टरांनी कंपाउंडरला ट्रे खाली ठेवायला सांगितला आणि ते तात्यांकडे वळले. "घरी मेंढ्या आहेत?"

"न्हाय."

"पूर्वी होत्या?"

"न्हाय साहेब. आमी बागायतदार. दोन गाया हायत जर्शी."

"कुत्रं पाळलं होतं कधी?"

"न्हाय."

तात्यांची उत्तरं इतकी झटपट आली की डॉक्टरांनी त्यांच्याकडे एकदा नीट बघितलं. मग आईला समजावं म्हणून ते सावकाश म्हणाले, "मुलीच्या फुफ्फुसात एक गाठ आहे. गाठ म्हणजे पाण्याने भरलेली पिशवी. नुसतं पाणी."

आणि आई, जिला डॉक्टरांपुढे तोंड उघडायचं नाही अशी ताकीद दिलेली होती, ती पटकन म्हणाली, "म्हंजी फोपसात पानी? मेंढराच्या फोपसात आसतंय तसं?"

तात्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, पण आवाज आला तो अगदी मवाळ, लोकांसमोरचा. "आडानी हाय ती साहेब. कायबी बोलती. तिच्याकडं ध्यान दिऊ नका."

डॉक्टरांनी खुर्ची ओढली आणि ते तात्यांच्या समोर बसले. ते ओरडले नाहीत. "हे बघा. ही गाठ मेंढरांमधून येते ती असेल, तर मला हिला सुई लावता येणार नाही. सुईने ती फुटली तर आतलं पाणी अंगात भिनतं, श्वास कोंडतो आणि पोरगी इथंच, या स्टुलावर जाऊ शकते. आणि तशी नसेल तर सुई लावलीच पाहिजे, कारण मग आत दुसरं काहीही असू शकतं. म्हणून पुन्हा विचारतो. तुमच्याकडे मेंढ्या होत्या का?"

मी मान थोडी वळवली तेव्हा मला तात्या दिसले. ते डॉक्टरांकडे बघत नव्हते. कंपाउंडरकडे बघत होते. जळोचीचा, आमच्या गल्लीतला तो माणूस जमिनीवर काहीतरी पडलंय असं बघत उभा होता. एका पारड्यात मी होते आणि दुसऱ्या पारड्यात गल्ली. माझे वडील तोलत होते, आणि मला दिसत होतं की ते तोलताहेत. एवढी लाज मला कपडे काढताना वाटली नव्हती, लाल लघवी बघताना वाटली नव्हती. आपण कुणाला तरी तोलावं लागण्याइतक्या हलक्या आहोत, त्याची लाज. मीच सांगून टाकावं म्हणून तोंड उघडलं, तर शब्दाऐवजी खोकला आला, आणि खोकताना मी उशी इतकी घट्ट धरली की आईचे हात त्यात चेमटले.

त्या खोकल्यानेच बहुतेक काम केलं. तात्या भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "व्हय. हुती मेंढरं. हिचा जलमच वाड्यावरचा हाय."

"आणि मेलेल्या मेंढराचं फोपीस कुणाला घालायचात?" डॉक्टरांनी विचारलं. पुण्याचा तो माणूस फोपीस म्हणाला, आणि हसला नाही.

"कुत्र्यास्नी," तात्या म्हणाले. "आनि कुनाला घालायचं?"

डॉक्टरांनी नुसती मान हलवली. सुईचा ट्रे बाहेर गेला. माझ्या झग्याच्या नाड्या आईने बांधल्या.

ऑपरेशन पुण्यात झालं. उजव्या कुशीवर, बरगड्यांच्या मधून, पाठीपर्यंत गेलेली चीर. मी गुंगीत होते, त्यामुळे पुढचं मला आईने सांगितलं तेवढंच ठाऊक. सर्जननी नातेवाइकांना बोलावून स्टीलच्या ट्रेमध्ये काढलेली गाठ दाखवली. उकडून सोललेल्या अंड्यासारखी पांढरी, ओली, जरा धक्का लागला की हलणारी. बाकी कुणाचेही नातेवाईक असते तर त्यांनी विचारलं असतं, हे काय आहे. तात्यांनी विचारलं नाही. ते म्हणाले, "ह्ये तर आमच्या मेंढराच्या फोपसातलं हाय. ह्ये मी वळकतो."

ओळखणारच. मेंढरू मेलं किंवा कापलं की फोपीस आधी तात्या हातात घ्यायचे. असल्या पिशव्या दिसल्या की तेवढा भाग विळ्याने कापायचे आणि बाजूला भिरकावायचे. पाणी धरलेलं फोपीस माणसाने खाऊ नये एवढं आमच्याकडे सगळ्यांना कळत होतं. कुत्री वाटच बघत बसलेली असायची. हवेतच झेलायची.

सर्जननी त्यांना सगळं उलगडून सांगितलं. त्या पाण्यात बारीक जंत असतात. कुत्र्याने ते खाल्लं की जंत त्याच्या आतड्यात वाढतो, कुत्र्याला काही होत नाही, पण त्याच्या विष्ठेतून अंडी पडतात, केसांना लागतात. गवतावर पडली तर मेंढराच्या पोटात जातात. आणि कुत्र्याच्या अंगावर हात फिरवून एखाद्या पोराने त्याच हाताने भाकरी खाल्ली, तर पोराच्या पोटात जातात. तिथून रक्तातून फुफ्फुसात, आणि मग वर्षानुवर्षं सावकाश ही पिशवी फुगत राहते. मेंढराला लागण नसती, तर कुत्र्याला नसती. कुत्र्याला नसती, तर पोरीला नसती.

आई सांगते, तात्या सगळं ऐकून घेईपर्यंत उभे होते. मग त्यांनी विचारलं, "म्हंजी पुरून टाकलं आसतं तर?" सर्जन म्हणाले, "हो. पुरलं असतं किंवा जाळलं असतं, तर पुढं गेलं नसतं." त्यावर तात्या हॉस्पिटलच्या बोळातल्या फरशीवर मटकन खाली बसले. टोपी काढून त्यांनी तोंडावर धरली. येणारे-जाणारे बाजूने जात होते. कुणीतरी पेशंट दगावला असेल असं समजून एका अनोळखी बाईने त्यांना पाणी आणून दिलं.

त्यांना कुणी दोष दिला नव्हता. पिढ्यान् पिढ्या सगळेच तसं करत आलेले. सर्जननी ते दोनदा बोलून दाखवलं. पण शुद्धीवर आल्यावर मी बघितलं, तात्या माझ्या खाटेपाशी येत, फळं ठेवत, नळीतून बाटलीत पडणारं पाणी बघत, नर्सला विचारत, आणि माझ्याकडे सोडून सगळीकडे बघत. घास भरवला तरी नजर घासावर. मी हाक मारली की "व्हय, व्हय" म्हणत खिडकीकडे जायचे. मला धड श्वास घेता येत नव्हता आणि मला त्यांचीच कीव येत होती. त्यांची कीव यावी याचीही लाज वाटत होती.

घरी जळोचीला आलो. गोळ्या आता टीबीच्या नव्हत्या, जंताच्या होत्या, आणि आईने माझं ताट पुन्हा सगळ्यांच्या ताटांत मिसळलं. संध्याकाळी गल्लीतली माणसं भेटायला आली. समोर किराणा दुकान चालवणारे चाचा आले, त्यांच्या मागून चाची शिऱ्याचं पातेलं घेऊन आल्या. आणखी दोन-तीन बायका. मला ओसरीवर उशांना टेकवून बसवलं होतं. सगळे हवापाण्याचं बोलत होते, उसाच्या तोडीचं बोलत होते, पुण्यातल्या महागाईचं बोलत होते. ऑपरेशन कशाचं झालं हे कुणीच विचारलं नाही. चाची मला चमच्याने शिरा भरवत होत्या, आणि पोरगी वाळली म्हणजे टीबीच, अशी गल्लीत बोलवा असताना आपण हिला असं जवळ बसून भरवतो आहोत याचं त्यांच्या तोंडावर काहीही नव्हतं.

तात्या गोठ्याच्या दारात उभे होते. न विचारणं त्यांना विचारण्यापेक्षा जास्त झोंबलं असावं. ते एकाएकी पुढे आले आणि भांडायला उठल्यासारखे म्हणाले, "कंपाउंडरनं सांगितलंच आसंल तुमाला. पोरीला टीबी न्हवता. मेंढराचा रोग हाय तो. आमी बागायतदार न्हाय, मेंढरंवालं हाय. आनि हिच्या फोपसातनं ज्ये निगालं ना, त्ये म्या माज्या हातानं कुत्र्याला घातल्यालं. माज्या हातानं."

बायका खाली बघायला लागल्या. आईने पदर तोंडाला लावला. माझी कूस टाक्यांपाशी ठणकत होती, तरी मी श्वास रोखून धरला होता.

चाचांनी हातातली कपबशी खाली ठेवली. "तात्या, बसा आधी," ते म्हणाले. "कंपाउंडरनं काय सांगितलं न्हाय. त्यो तसला मानूस न्हाय. पन तुमी मेंढरंवालं हाय ते आमाला तुमी हितं ऱ्हायला आला तवापास्नं ठावं हाय की. समद्या गल्लीला ठावं हाय."

तात्या म्हणाले, "मग कदी बोलला न्हाईसा?"

"तुमाला आवडत न्हवतं म्हनून," चाचा म्हणाले.

तात्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. पुण्यापासून पहिल्यांदाच, सरळ. जे झाकायला ते मला त्या स्टुलावर तोलत उभे राहिले होते, ते झाकलेलं कधी नव्हतंच, हे त्यांना कळलं होतं, आणि मलाही ते कळलंय हेही त्यांना कळलं होतं. त्या नजरेला नजर देणं मला जमलं नाही. मी चाचींच्या हातातल्या चमच्याकडे तोंड पुढे केलं आणि शिरा खात राहिले.